झोप नेली कुणी, मुळी विकतंय कोण?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात सव्वीस वर्षांची एक मुलगी आली आणि तिनं टेबलावर जांभळ्या रंगाचा, रिबीन बांधलेला एक खोका ठेवला. आत अश्वगंधेच्या गमीजची बाटली, लॅव्हेंडरची पुरचुंडी, डोळ्यांवर बांधायची मऊ पट्टी आणि ‘शांत झोपा’ असं छापलेलं कार्ड. कंपनीनं सगळ्यांना वाटलं होतं. तिची कामाची वेळ संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाच्या घड्याळावर. घरी पोचेपर्यंत पाच वाजतात. साडेसहाला सोसायटीचा पंप सुरू होतो, सातला पुतण्याच्या शाळेची गडबड, आठला समोरच्या इमारतीच्या पुनर्विकासाचं ड्रिलिंग. “डॉक्टर, ह्या गोळ्या घेतल्या तर चालतील ना?” एवढाच तिचा प्रश्न होता.

मला संताप आला, त्या मुलीचा नव्हे, खोक्याचा. ज्यांनी तिची रात्र काढून घेतली, त्यांनीच तिला झोपेची मुळी भेट दिली होती. पाकीट मारायचं आणि वर रिक्षाचं भाडं हातावर ठेवायचं, असा हा प्रकार आहे. आणि यात माझ्या शास्त्राचं नाव वापरलं जातं, म्हणून हा लेख.

मी आयुर्वेदाची पदवीधर आहे. डोंबिवलीत सत्तावीस वर्षं दवाखाना चालवते. अश्वगंधा, जटामांसी, तगर, ब्राह्मी या माझ्या रोजच्या वापरातल्या वनस्पती आहेत. आयुर्वेदाच्या अंगणाबाहेर उभी राहून मी दगड मारत नाही. घरात उभी राहून ओरडते आहे, कारण घरातली भांडी रस्त्यावर विकायला काढली आहेत.

बाटल्यांवर ‘हजारो वर्षांची परंपरा’ असं छापलेलं असतं. परंपरेचं नाव घेता ना, मग परंपराच उघडून बघू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या 21 व्या अध्यायात झोपेची चर्चा आहे. गेलेली झोप परत आणायचे उपाय तिथे ओळीनं दिले आहेत. अंगाला तेल लावणं, उटणं, अंघोळ. मांसरस, दही घालून साळीचा भात, दूध, तूप, मद्य. मनाला सुख, मनाजोगता वास, मनाजोगता आवाज, अंग चेपून घेणं. डोळ्यांचं तर्पण, डोक्याला आणि चेहऱ्याला लेप. नीट घातलेलं अंथरूण, सुखाचं घर आणि योग्य वेळ. संपली यादी. तीत अश्वगंधा नाही, जटामांसी नाही, तगर नाही. पोटात घ्यायच्या एकाही मुळीचं नाव नाही. अंथरूण आहे, घर आहे, वेळ आहे.

त्याच सूत्रस्थानात चौथ्या अध्यायात चरक औषधी द्रव्यांचे पन्नास गण सांगतो, प्रत्येक गणात दहा-दहा द्रव्यं. खोकल्याचा गण आहे, उचकीचा आहे, थकवा घालवणाऱ्यांचा आहे, अंगावरचं दूध वाढवणाऱ्यांचा आहे. झोप आणणाऱ्यांचा गण नाही. अश्वगंधा त्या पन्नासांत येते ती बळ देणाऱ्या आणि अंग भरून आणणाऱ्या गणांत. म्हणजे वाळलेल्या, खंगलेल्या, आजारातून उठलेल्या माणसासाठी. पुढे 25 व्या अध्यायात कोणत्या कामाला कोणतं द्रव्य सर्वांत उत्तम ते सांगताना झोप आणणाऱ्यांत अव्वल नंबर दिला आहे म्हशीच्या दुधाला. म्हशीच्या दुधाच्या पेल्यावर साडेसहाशे रुपयांचं लेबल लावता येत नाही, त्याचं पेटंट निघत नाही, त्याला जांभळा खोका शोभत नाही. म्हणून ते जाहिरातीत नाही.

आणि झोप जाते कशानं? तेही तिथेच आहे. भीती, चिंता, राग, धूर, उपास, अवघड बिछाना अशी कारणं मोजल्यावर चरक आणखी पाच नावं घेतो: कार्य, काल, विकार, प्रकृती आणि वायू. पहिलं नाव ‘कार्य’. म्हणजे काम. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला जे पहिल्या दमात सुचलं, ते आजच्या कुठल्याही बाटलीवर, कुठल्याही जाहिरातीत, कुठल्याही कंपनीच्या आरोग्य-सप्ताहात सापडत नाही. जो शब्द सांगितला तर मालकाला उत्तर द्यावं लागेल, तोच नेमका गाळला गेला आहे. हा विसर नाही. ही लबाडी आहे.

माझ्याकडे येणाऱ्या निद्रानाशाच्या रुग्णांना मी आता नाडीच्या आधी एक कागद मागते: ड्युटीचा तक्ता. ही सवय मला उशिरा लागली. पहिली काही वर्षं मीही चूर्णाची पुडी बांधून, दुधातून घ्या म्हणून सांगून मोकळी होत होते. एका महापालिकेच्या रुग्णालयातली परिचारिका महिनाभर चूर्ण घेऊन परत आली आणि म्हणाली, “ताई, औषध बरं आहे हो, पण ते घेऊन आडवं व्हायला वेळ कुठे मिळतो?” दोन रात्रपाळ्या, एक दिवसपाळी, परत रात्रपाळी, आणि घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. तिचा वायू मी बिघडवला नव्हता आणि माझ्या चूर्णानं तो सुधारणारही नव्हता. त्या दिवसापासून तक्ता आधी बघते.

गेल्या पावसाळ्यात एक सुरक्षारक्षक आला. वाशिमकडचा, पन्नाशीचा. बारा तासांची रात्रपाळी, आठवड्यातून एखादी सुटी मिळाली तर मिळाली. दिवा गावातल्या एका खोलीत सहा जण. दिवसा तिघं झोपतात, रात्री तिघं. एकच खाट, एकच चादर, पत्र्याचं छत. त्याच्या खिशात मोबाइलवर जाहिरात बघून मागवलेली बाटली होती. “म्याडम, साडेसहाशेला पडली. झोप येत नाय म्हणून घेतली. पण ड्युटीवरच पेंग येते.” साडेसहाशे रुपये म्हणजे त्याची दीड दिवसाची कमाई. वाग्भटानं अष्टांगहृदयात सांगून ठेवलं आहे की ज्यानं सवय नसताना रात्र जागून काढली, त्यानं जागलेल्या वेळाच्या निम्मा वेळ सकाळी, जेवणाआधी झोपावं. दिवसा झोपायची परवानगी कुणाला आहे हे सांगताना चरक ओझी वाहून थकलेल्याचं, वाट तुडवून थकलेल्याचं आणि रात्र जागलेल्याचं नाव घेतो. हमाल, वाटसरू, पहारेकरी. शास्त्रानं या माणसाला झोप लिहून दिली आहे. त्याच्या कंत्राटदारानं ती खोडली, आणि बाजारानं त्या खोडलेल्या जागी बाटली चिकटवली.

आता कुणी म्हणेल, बाई, अश्वगंधेला तुम्ही उगीच बदनाम करताय. नाही. तिचं वनस्पतीशास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच झोप आणणारी असा आहे. आपल्याकडे हिला आस्कंद म्हणतात, कुठे ढोरगुंज म्हणतात. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर पट्ट्यात तिची शेती होते, नागौरी अश्वगंधा म्हणून तिला बाजारात मान आहे. ओल्या मुळाला घोड्यासारखा वास येतो, नाव त्यावरूनच. ती मी देते. वाळलेल्या प्रकृतीच्या, चिंतेनं पोखरलेल्या, अंगावर मांस न धरणाऱ्या माणसाला दुधात उकळून दिली, तर काही आठवड्यांत फरक दिसतो. आधुनिक चाचण्याही अगदी रिकाम्या हातानं परतलेल्या नाहीत. 2021 मध्ये पाच चाचण्या एकत्र करून, साधारण चारशे लोकांचा हिशोब मांडला गेला. झोपेत सुधारणा दिसली. पण ती लहान होती, ज्यांना खरोखर निद्रानाश होता त्यांच्यात जास्त होती, आणि रोज 600 मिलिग्रॅम किंवा जास्त अर्क निदान आठ आठवडे घेणाऱ्यांत जास्त होती. बस, एवढंच. लहानसा, सावकाश, ठरावीक माणसांतला उपयोग. ‘आज रात्रीच गाढ झोप’ असं त्यातून कुणी काढत असेल, तर तो खोटं बोलतो आहे.

आणि ‘नैसर्गिक आहे, काही अपाय नाही’ असं जो म्हणतो, तो त्याहून मोठं खोटं बोलतो. अश्वगंधेनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आइसलँड आणि अमेरिकेतून 2020 मध्ये प्रसिद्ध झाल्या. 2023 मध्ये आपल्याच देशातल्या यकृततज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवले. ज्यांचं यकृत आधीच बिघडलेलं होतं, त्यांतले काही दगावले. त्याच वर्षी डेन्मार्कनं अश्वगंधेवर बंदी घातली. ती बंदी मला टोकाची वाटते, पण आपल्याकडे जी मोकाट सूट आहे ती त्याहून जास्त बेजबाबदार आहे. थायरॉइडचं औषध घेणाऱ्याला, गरोदर बाईला, झोपेची किंवा मनाच्या आजाराची गोळी चालू असलेल्याला ही वनस्पती विचारल्याशिवाय देऊ नये, हे आमच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. गमीजच्या बाटलीवर ते मुंगीच्या अक्षरांत असतं, नाहीतर नसतंच.

दोन वर्षांपूर्वी एक बँक कर्मचारी माझ्याकडे आला, डोळे हळदीसारखे. विचारत गेले तेव्हा कळलं की तो झोपेसाठी गमीज घेत होता, ताकदीसाठी कॅप्सूल घेत होता आणि ताण कमी करायला चहाची पावडर घेत होता. तिन्हींत अश्वगंधेचा अर्क. तीन वेगळी नावं, तीन वेगळे खोके, एकच मुळी तिप्पट. मी त्याच दिवशी सगळं बंद केलं आणि त्याला ठाण्यातल्या यकृततज्ज्ञाकडे पाठवलं. तो बरा झाला. नशीब त्याचं. त्यानं कुठल्याही वैद्याला विचारलं नव्हतं, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हे विचारायचं औषध आहे. त्याला ती गोळी चॉकलेटसारखी वाटली होती, आणि तशी ती वाटावी म्हणूनच बनवली होती.

मूळ की पान, हाही प्रश्न आहे. परंपरेत औषधी वापर मुळाचा. पानांत विथाफेरिन-ए नावाच्या द्रव्याचं प्रमाण जास्त असतं, आणि पाला मुळापेक्षा स्वस्त पडतो. तो मिसळला जातो म्हणून 2021 मध्ये आयुष मंत्रालयाला उत्पादकांना सांगावं लागलं की पानं वापरू नका. मंत्रालयाला हे सांगावं लागतं, यातच काय ते आलं. तीच मुळी, तोच अर्क. औषध म्हणून विकायचं तर आयुषचा परवाना लागतो, आहारपूरक म्हणून विकायचं तर अन्न परवाना पुरतो. चलाख विक्रेता सोपा दरवाजा निवडतो. जाहिरातींवर लगाम म्हणून 2018 मध्ये औषध नियमांत 170 वा नियम आला: आयुर्वेदिक औषधाची जाहिरात करायची तर आधी राज्याची मंजुरी घ्या. 2024 मध्ये सरकारनंच तो नियम काढून टाकला. जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा 1954 सालापासून आहे. तो पुस्तकात आहे.

ज्यांना खरोखर जाणायचं आहे की शांत करणारी वनस्पती किती ताकदीची असू शकते, त्यांनी सर्पगंधेची गोष्ट ऐकावी. 1931 मध्ये कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडसरपणा आणि वाढलेल्या रक्तदाबावर तिचा उपयोग लिहून ठेवला. 1949 मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. 1952 मध्ये बाझल शहरातल्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. रक्तदाब उतरला, अस्वस्थ रुग्ण शांत झाले, आणि त्याचबरोबर काही जण खोल नैराश्यातही गेले. मात्रा ठरली, धोके लिहिले गेले, कुणाला देऊ नये ते ठरलं. आपल्या मातीतल्या मुळीला दिलेला हा खरा मान होता. तिच्यात बळ आहे हे मान्य केलं, म्हणून तिला जपून हाताळलं. जो माणूस अश्वगंधेला स्ट्रॉबेरीच्या चवीची जेली करून विकतो, त्याला तिच्या बळावर विश्वासच नाही. असता तर त्याला भीती वाटली असती.

जटामांसीबद्दल फार लिहीत नाही, लिहायला बसले की हात थरथरतो. ही हिमालयात तीन ते पाच हजार मीटर उंचीवर येते. औषध तिच्या भूमिगत खोडात, म्हणजे औषध काढायचं तर अख्खं झाड उपटायचं. जागतिक यादीत ती आज अतिसंकटग्रस्त वनस्पतींत आहे. शहरातल्या माणसाच्या उशीवर फवारायला डोंगर उघडे पडत आहेत.

पण मला सर्वांत जास्त छळतो तो मुंबईचाच इतिहास. शांत करणारी वनस्पती देऊन झोपवायचं आणि त्या झोपेवर कारखाना चालवायचा, हे या शहरानं आधी एकदा केलेलं आहे. गिरणगावात कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत. आईला पहाटे भोंग्याला हजर व्हायचं, घरी बाळाला सांभाळायला कुणी नाही, बाळ रडलं तर शेजारीण किती वेळ बघणार? मग बोटावर छोटीशी गोळी, बाळ दिवसभर गुंगीत. 1922 च्या सुमारास मुंबई सरकारनं नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरनं गिरणीतल्या बायकांची पाहणी केली, आणि तिच्या अहवालात आलं की त्यांच्या 98 टक्के तान्ह्यांना अफू दिली जात होती. शंभरातली अठ्ठ्याण्णव मुलं. त्या आया क्रूर नव्हत्या. त्यांना दुसरी वाट ठेवलेली नव्हती. आणि अफूही झाडाच्या बोंडातूनच येते, तीही नैसर्गिकच आहे.

त्या बाळांना सोडवायला अफूच्या जागी दुसरी सौम्य मुळी शोधायची नव्हती. हवं होतं ते आईला बाळंतपणाची रजा, पगार आणि पाळणाघर. त्यासाठी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहून बोलले, आणि 1929 मध्ये मुंबईत प्रसूती लाभ कायदा आला. हा इलाज होता. तान्ह्याच्या झोपेचा प्रश्न कामगार कायद्यानं सोडवायचा असतो, हे शंभर वर्षांपूर्वी ज्यांना कळलं, त्यांच्याच शहरात आज आम्ही मोठ्या माणसांना बाळगोळ्या वाटतो आहोत. फरक एवढाच की तेव्हाची गोळी आई लपवून देत होती. आजची गोळी कंपनी रिबीन बांधून देते आणि फोटो काढते.

वनस्पतीला घरात तिची जागा आहे, आणि ती जागा मला प्यारी आहे. माझं माहेर राजापूरजवळ. परसात नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळाची दोन झाडं. आमच्या कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठानं कोकण सुगंधा, कोकण स्वाद, कोकण श्रीमंती अशा जायफळाच्या जाती काढल्या, त्यांतलं एक झाड भावानं नंतर लावलं. रात्री आजी सहाणेवर जायफळाचे दोन वेढे उगाळायची, कोमट दुधात कालवायची, आणि मग पायाच्या तळव्यांना काशाच्या वाटीनं तेल चोळायची. नऊ वाजता कंदील बारीक व्हायचा. आम्ही झोपायचो. त्या झोपेत जायफळाचा वाटा किती होता? थोडा. तेलाचा, आजीच्या हाताचा, काळोखाचा आणि नऊ वाजताचा वाटा मोठा. आणि आजी मोजायची. “दोनच वेढे, तिसरा नको,” हे तिचं वाक्य मला अजून ऐकू येतं. जायफळ चिमटीपलीकडे गेलं, पाच ग्रॅमच्या आसपास पोचलं, तर छाती धडधडते, भ्रम होतात, माणूस रुग्णालयात जातो. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला मात्रा कळत होती. आजच्या जाहिरातवाल्याला फक्त पॅकचा आकार कळतो.

त्या नऊ वाजताच्या काळोखाचं आज काय झालं ते बघा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाज 45 डेसिबलच्या वर जाऊ नये. आमच्या गल्लीत गणपतीत, नवरात्रात, लग्नसराईत खिडकीच्या काचा थरथरतात. मी पोलीस ठाण्यात तक्रार केली आहे, एकदा नाही, सहा वेळा. गाडी येते, आवाज थांबतो, गाडी जाते, आवाज चढतो. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतली वयस्कर माणसं माझ्याकडे झोपेची पुडी मागायला येतात. मी त्यांना काय देऊ? ज्या मंडळाच्या फलकावर स्थानिक पुढाऱ्याचा हसरा चेहरा आहे, त्यावर कुठली मुळी उगाळू?

आणि आता वरून तास वाढत आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दुकानं आणि आस्थापनांतली कामाची रोजची मर्यादा 9 तासांवरून 10 करायला, आणि कारखान्यांतली 9 वरून 12 करायला मंजुरी दिली. आठवड्याचे तास 48 च राहतील, असं सांगितलं गेलं. कागदावर ते ठीक दिसतं. ज्या कामगाराला बारा तासांच्या पाळीनंतर कल्याणहून पुढे कसाऱ्यापर्यंत उभ्यानं जायचं आहे, त्याच्या दिवसाचे तास मोजा. बारा कामाचे, चार प्रवासाचे, दोन स्वयंपाक-अंघोळ-पाण्याचे. उरले सहा, तेही सगळं सुरळीत पार पडलं तर. त्यात गाडी उशिरा आली, पोराला ताप आला, पाणी पहाटे तीनला सुटलं, की झाले चार. या गणितात अश्वगंधा कुठे बसवता ते मला दाखवा.

ज्या मराठी माणसानं या देशात कामगाराच्या विश्रांतीची लढाई पहिल्यांदा उभी केली, त्याचं नाव नारायण मेघाजी लोखंडे. स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. 1884 मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या साध्या होत्या: आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्य मावळल्यावर बंद. सूर्याचं घड्याळ मागत होते ते. चरकानं सांगितलेली ‘योग्य वेळ’ ती हीच, फक्त लोखंड्यांनी ती मालकाच्या दारात उभं राहून मागितली. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, दोन बायकाही तिथे बोलल्या, आणि 10 जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत कामगारांना कुणी जांभळे खोके वाटले असते, तर लोखंड्यांनी ते मालकाच्या टेबलावर परत नेऊन ठेवले असते, याबद्दल मला शंका नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना मला एक सरळ सांगायचं आहे. तुमच्यातले काही जण या गमीजच्या जाहिरातीत पांढरा कोट घालून उभे आहात. पैसे मिळत असतील. पण ज्या अध्यायाच्या जोरावर तुम्ही वैद्य झालात, त्यात निद्रानाशाचं कारण म्हणून ‘कार्य’ लिहिलेलं आहे, आणि ते तुम्ही कॅमेऱ्यासमोर गिळता. रुग्णाला मुळी देण्याआधी त्याची रात्र विचारायला दोन मिनिटं लागतात. ती देत नसाल, तर तुम्ही वैद्य नाही, दुकानाचे नोकर आहात.

त्या सव्वीस वर्षांच्या मुलीला मी गोळ्या बंद करायला सांगितल्या. आठवड्याच्या सुटीला नारायण तेलानं अभ्यंग, दिवसा झोपताना खिडकीला जाड काळा पडदा, घरी आल्यावर साळीचा गरम भात आणि तूप, आणि पुढच्या महिन्याचा तक्ता घेऊन ये, म्हटलं. तिच्या पंधरा सहकाऱ्यांनी मिळून एक अर्ज लिहिला: रात्रपाळी सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको, पाळी बदलताना मध्ये पूर्ण एक दिवस मोकळा हवा. मी त्याला माझं वैद्यकीय पत्र जोडलं. अजून उत्तर आलेलं नाही. त्यांनी दुसरा अर्ज दिला आहे.

झोपेची तक्रार घेऊन तुम्ही माझ्याकडे येणार असाल, तर बाटल्या आणू नका. ड्युटीचा तक्ता आणा, घरापासून कामापर्यंतच्या प्रवासाचे तास लिहून आणा, आणि तुमच्याबरोबर त्याच पाळीत जागणाऱ्या दोघा-तिघांना घेऊन या.